सुरुवातीच्या वैमानिकांवरचं नवं संगीत नाटक: सोलापूरकर प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

प्रयोगानंतर दारात अभिप्रायाची वही ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. या नाटकाच्या वहीत मात्र लोक कौतुकाच्या दोन ओळी लिहून थांबत नाहीत, प्रश्न लिहितात. नाटकामागचे संदर्भ जमवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ही वहीही माझ्याकडेच येते. काही प्रश्न इतक्या वेळा आलेत, आणि इतक्या मनापासून आलेत, की प्रयोग होतात त्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्यांवर उभ्याउभ्या त्यांची उत्तरं देऊन भागत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तिकीट काढावं की नको अशा विचारात असलेल्यांना याचा उपयोग व्हावा, आणि नाटक पाहून वाद घालत घरी गेलेल्यांनाही.

नाटक नेमकं कुणावर आहे? राईट बंधूंवर का?

राईट बंधू आहेत, पण सगळं नाटक त्यांचं नाही. सुरुवात होते १८९६ मध्ये, जर्मनीचा ओटो लिलिएंथाल टेकडीवरून पंख बांधून झेप घेतो आणि कोसळतो तिथून. शेवट होतो १९३६ मध्ये, एकवीस वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथ विमानात एकट्या बसतात तिथे. मधल्या चाळीस वर्षांत राईट भाऊ आणि त्यांची बहीण कॅथरीन येतात, मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे येतात, अलाहाबादहून टपाल घेऊन उडणारा फ्रेंच तरुण आंरी पेके येतो, जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर येतात. पहिला अंक बहुतेक परदेशातला, दुसरा आपल्याकडचा.

दोन्ही अंक जोडणारा सूत्रधार म्हणजे सोलापुरात भाड्यानं सायकली देणारा एक मिस्त्री. तो पूर्ण काल्पनिक आहे. त्याचा धंदा मात्र विचार करून ठरवला. राईट बंधूंचं डेटनमधलं दुकान सायकलींचं होतं आणि त्यांच्या विमानाचे दोन पंखे इंजिनाला साखळीनं जोडलेले होते. चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग हे शब्द मिस्त्रीच्या तोंडून आले की विमान परकं वाटत नाही.

सगळ्यात जास्त दाद कुठल्या प्रवेशाला मिळते?

कापडाच्या प्रवेशाला. उड्डाणाच्या प्रवेशाला मिळेल असं तालमीत सगळ्यांनी धरलं होतं. सोलापूरच्या प्रेक्षकांनी पहिल्याच प्रयोगात त्याचा निकाल लावला.

१९०३ च्या त्या विमानाच्या पंखांवर मलमल होती. साधी, दुकानात मिळणारी, शिलाई मशीनवर शिवलेली. पंखांच्या सांगाड्यावर ती उरेब लावलेली होती, म्हणजे कापडाचे धागे सांगाड्याच्या लाकडांना ४५ अंशांत यायचे. यामागचं कारण रंगमंचावर करून दाखवलं जातं. विल्बर एक लाकडी चौकट आणतो. तिचे चारही कोपरे ढिले, एकेका खिळ्यावर. तिच्यावर आधी सरळ कापड ठोकतो, उभा धागा उभ्या लाकडाला समांतर आणि आडवा धागा आडव्याला. मग चौकटीचा कोपरा ढकलतो. चौकट तिरकी होऊन कलते, कापड तिला अडवत नाही. नंतर तेच कापड उरेब ठोकतो आणि पुन्हा ढकलतो. चौकट हलत नाही, कारण आता प्रत्येक धागा कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणल्यासारखा काम करतोय. जादा लाकूड नाही, जादा वजन नाही, कापडच चौकट ताठ धरून ठेवतं.

हा प्रवेश जेमतेम पाच मिनिटांचा आहे आणि त्यात एकही गाणं नाही. पण ताणा-बाणा ज्यांनी आयुष्यभर हाताळला त्या लोकांसमोर तो होतो. विल्बर दुसऱ्यांदा कापड उचलतो तेव्हा संवाद यायच्या आधीच मागच्या रांगांतून कुणीतरी "उरेब लाव, उरेब!" असं ओरडतं. हे एका प्रयोगाला झालं नाही, बहुतेक प्रयोगांना होतं. ब्लाऊज शिवणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर काम केलेले पुरुष, दोघांनाही ते विल्बरच्या आधी कळलेलं असतं. त्यानंतर येणारी टाळी ऐकताना मला फार आनंद होतो, कारण ती टाळी हातानं काम करणाऱ्यांनी हातानं काम करणाऱ्याला दिलेली असते.

गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे मागांवर, नोकरी केलेले एक आजोबा प्रयोगानंतर विंगेत आले. त्यांनी ते कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, कानाशी नेलं, आणि खळ काढून टाका म्हणाले. नव्या कापडातली खळ राहिली की ते कुरकुरतं आणि दिव्याखाली पत्र्यासारखं चमकतं. पुढच्या प्रयोगाआधी कापड धुतलं. आता पंख उलगडतो तेव्हा तो खरोखर पंखासारखा पडतो.

यातलं खरं किती आणि रचलेलं किती?

माणसं, साल, जागा आणि घडलेल्या गोष्टी खऱ्या. संवाद आणि पदं रचलेली. कॅथरीन भावांना पत्र लिहिते ते पद नाटककाराचं आहे. तिच्या खऱ्या पत्रातले शब्द तिथे नाहीत.

वहीत मजेची गोष्ट दिसते. लोकांना जे हमखास रचलेलं वाटतं, तेच खरं असतं. उदाहरणार्थ, पहिल्या उड्डाणाचा फोटो. तो काढणारा जॉन डॅनिअल्स किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातला माणूस होता आणि त्यानं त्याआधी कॅमेरा हाताळलेला नव्हता. ऑर्व्हिलनं कॅमेरा रोखून ठेवला आणि विमान उठलं की रबरी फुगा दाबायला त्याला सांगितलं. त्याच दिवशी नंतर वाऱ्यानं विमान उलटवलं, तेव्हा ते धरून ठेवायला धावलेला डॅनिअल्स त्यात अडकून फरपटत गेला. तेही खरं आहे. ते विमान पुन्हा कधी उडालं नाही.

नाणेफेकही खरी. १४ डिसेंबर १९०३ ला दोघा भावांनी नाणं उडवलं, विल्बर जिंकला, त्याचा प्रयत्न फसला आणि विमान मोडलं. दुरुस्ती करून १७ तारखेला ऑर्व्हिलची पाळी आली.

१९३२ मध्ये अहमदाबादला टाटांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून येतात, त्यावर प्रेक्षक मनमुराद हसतात आणि नंतर विचारतात की हे विनोदासाठी घातलंय का. नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले आणि मुंबईत जुहूला पोचले. मधलं इंधन बैलगाडीनंच आलं होतं.

स्पार्क प्लगची गोष्टही तशीच. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड आणि भारत हे अंतर एकट्यानं उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी इकडून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी तिकडून. दोघं इजिप्तमध्ये भेटले. अस्पीचे प्लग बिघडलेले. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग दिले, आणि बक्षीस अस्पीनं जिंकलं. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

तळपद्यांचं विमान रंगमंचावर उडत का नाही?

सगळ्यात तापलेला प्रश्न हाच. काहींनी वहीत रागानं लिहिलंय की आपल्या मराठी माणसाचं विमान तुम्ही मराठी नाटकातच पाडलंत. एक गृहस्थ त्या प्रवेशानंतर उठून गेले. त्यांचा राग मी समजू शकतो. त्यामागे आपल्या माणसाबद्दलची माया आहे.

गोष्ट अशी सांगितली जाते की १८९५ मध्ये मुंबईत चौपाटीवर तळपद्यांनी 'मरुत्सखा' नावाचं विनाचालक विमान पंधराशे फूट उंच उडवलं, आणि ते पाहायला सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर होते. एवढी मोठी माणसं, एवढी मोठी घटना, आणि मुंबईसारखं वर्तमानपत्रांचं शहर. असं असूनही त्या काळचा भरवशाचा पुरावा हाती आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा या गोष्टीशी नेहमी संबंध जोडला जातो, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आधीचा नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून नाटकात तळपदे आहेत, त्यांची खोली आहे, कागदावरची रेखाटनं आहेत, बांबूचा सांगाडा आहे. तो सांगाडा उचलून ते भूप रागातलं पद गातात. उडण्याचं दृश्य नाही. पद संपल्यावर सूत्रधार दिव्याच्या वर्तुळात येऊन लोक काय सांगतात आणि कागद काय सांगतात ते दोन्ही म्हणतो.

माझं मत विचाराल तर तळपद्यांचा मान यानं वाढतो. त्या काळी गुलाम देशातल्या एका माणसानं उडण्याचा विचार करावा, त्यासाठी संस्कृत ग्रंथ धुंडाळावेत, हातानं काही बांधून पाहावं, एवढं पुरेसं मोठं आहे. लिलिएंथालनं सुमारे दोन हजार झेपा घेतल्या, त्यांचे फोटो आहेत, आणि त्यातल्याच एका झेपेत पडून तो दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या शेजारी तळपद्यांना उभं करायचं तर भक्कम जमिनीवर उभं करावं लागतं. आणि तो राग आलेला असतानाही प्रेक्षक त्या पदाला वन्स मोअर देतात, हे मुद्दाम सांगतो.

मग ज्यांचा पुरावा आहे असे आपले लोक कुठे आहेत?

हा प्रश्न संगमेश्वर कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी फार चांगला विचारला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोन मिनिटांचा प्रवेश आहे, वेलिणकरांचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जे मोजके भारतीय वैमानिक होते, त्यातले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन ते गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बंगालचे इंद्रलाल रॉय एकोणिसाव्या वर्षी गेले. रॉय यांचं नाव निदान काही पुस्तकांत सापडतं. वेलिणकरांचं नाव मराठी प्रेक्षकांतल्या फारच थोड्यांनी ऐकलेलं असतं. माझ्या मते हा प्रवेश आणखी मोठा हवा, आणि वहीतल्या नोंदींमुळे तो मोठा होण्याची शक्यता आहे.

विमान खरंच उडताना दिसतं का?

दोरीला टांगून वर नेत नाहीत. पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं आणि १२० फुटांचं होतं, आणि रंगमंचावर ते खरोखर बारा सेकंदच चालतं. ऑर्व्हिल खालच्या पंखावर पालथा झोपलेला, दिवे बदलतात, सांगाडा मुठीएवढा उचलला जातो, विल्बर बाजूनं धावतो, बस. काही जणांना हे अपुरं वाटतं. एवढं तिकीट काढून विमान छतापर्यंत जात नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बारा सेकंद म्हणजे किती थोडे आणि किती लांब, हे पुस्तकात वाचून कळत नाही. दुपारच्या प्रयोगाला शाळेतली मुलं असली की ती मोठ्यानं आकडे मोजतात आणि बाराला सगळं नाट्यगृह त्यांच्यासोबत ओरडतं. मला ही दाद छतापर्यंत गेलेल्या विमानापेक्षा मोलाची वाटते.

त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंद आणि ८५२ फूट गेला. ते नाटकात सूत्रधाराच्या एका वाक्यात उरकलंय.

गाणी कशी आहेत? हे जुन्या संगीत नाटकासारखं आहे की नव्या धाटणीचं?

दोन्हीचे जाणकार येतात आणि दोन्हीकडचे थोडे नाराज होऊन जातात, ते स्वाभाविक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात संगीत नाटकाची जी परंपरा उभी केली तिच्यातली नांदी इथे आहे, पदं आहेत, शेवटी भैरवी आहे. ऑर्गन आणि तबला समोर बसून वाजवतात, ध्वनिमुद्रित साथ एकाही पदाला नाही. त्याच वेळी समूहगीतं आहेत, नाच आहे, आणि संवाद मध्येच गाण्यात शिरतात. राम जोशी शाहिरांच्या गावात नाटक उभं राहतं म्हटल्यावर एक लावणीही आहे. ती पॅरिसमधल्या प्रेक्षकांवर आहे. फुग्यांतून आणि मग विमानांतून उडणाऱ्या ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँला पाहायला सगळं शहर लोटायचं, त्या गर्दीचं वर्णन लावणीच्या ठसक्यात छान बसलंय.

लोकांना सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे इंजिनाचा आवाज. तो हलगीचा आहे. प्रयोगाआधी नाट्यगृहाच्या मागे कागद पेटवून हलगी शेकतात, कातडं ताणलं गेलं की बोटानं टिचकी मारून पाहतात, पुन्हा शेकतात. राईटांच्या इंजिनाला चार सिलिंडर होते, म्हणून वादकानं चारचा ठेका धरलाय आणि त्यात एक ठोका मुद्दाम गाळलाय, अडखळणाऱ्या इंजिनासारखा. उड्डाणाच्या क्षणी तो गाळलेला ठोका भरला जातो. एका ज्येष्ठ तबलजींनी वहीत फक्त एवढंच लिहिलं: "तो ठोका भरला तिथे पैसे वसूल."

वन्स मोअर दिला तर चालतो का?

चालतो, आणि कलाकारांना आवडतो. फक्त दोन ठिकाणी देऊ नका, बारा सेकंदांच्या उड्डाणाला आणि लिलिएंथालच्या पदाला. तो पडल्यावर लगेच उठून परत गाऊ लागला तर पुढच्या प्रवेशाला अर्थ राहत नाही.

यात सोलापूर कुठून आलं? ओढूनताणून आणलंय का?

सूत्रधार सोलापूरचा असल्यामुळे मे १९३० टाळताच आला नसता. ज्या मे महिन्यात अस्पी इंजिनिअर आपलं उड्डाण पुरं करत होते आणि इंग्लंडची एमी जॉन्सन एकटी ऑस्ट्रेलियाकडे जाताना कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत होती, त्याच मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला आणि मार्शल लॉ पुकारला गेला. नाटकात मिस्त्रीचं दुकान बंद आहे, रस्त्यावर लष्कर आहे, आणि आतल्या अंधारात तो वर्तमानपत्रातली विमानांची बातमी वाचतो. आकाशात रस्ता उघडतोय आणि आपल्याच गल्लीत पाऊल टाकायला बंदी.

याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. सूत्रधार ही चार नावं उच्चारतो तेव्हा प्रेक्षक उभे राहतात. संहितेत तशी सूचना कुठेही नाही. पहिल्यांदा पुढच्या रांगेतल्या काही वृद्ध बायका उठल्या, मग सगळे. तेव्हापासून त्या जागी कलाकार थांबतात आणि लोक बसेपर्यंत पुढचं वाक्य घेत नाहीत. ज्या वास्तूला त्या हुतात्म्यांचं नाव आहे तिथे हे घडतं. ओढूनताणून असतं तर लोक उठले नसते.

आजच्या सोलापूर विमानतळाबद्दल काही का नाही?

नाटक १९३६ ला थांबतं म्हणून. पण प्रेक्षक स्वतः तो विषय आणतात. लिलिएंथालच्या मुखी "माझ्या वाटेत टेकडी नाही, माझी भीती आहे" अशी ओळ आहे, आणि त्यावर प्रत्येक प्रयोगाला कुठूनतरी "आमच्या वाटेत चिमणी होती" अशी हाक येते. विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आणि या दोन्हींबद्दल गावात दोन्ही बाजूंची मतं ठाम आहेत. ऊस घालणारे शेतकरी आणि विमानाची वाट पाहणारे व्यापारी एकाच रांगेत बसून नाटक पाहतात. त्या वादावर नाटकानं बोलू नये असं माझं मत आहे. हाक मारायला प्रेक्षक मोकळे आहेत.

त्या काळात बायका होत्या का? की आजच्या काळासाठी घातल्यात?

होत्या. फ्रान्सच्या रेमाँद द लारोशला ८ मार्च १९१० ला वैमानिकाचा परवाना मिळाला. कॅथरीन राईट शाळेत शिकवत होती, घर सांभाळत होती, आणि १९०८ मध्ये ऑर्व्हिल अपघातात जबर जखमी झाल्यावर नोकरीतून रजा घेऊन त्याच्या उशाशी बसली. त्याच अपघातात त्याच्यासोबत बसलेले लेफ्टनंट सेल्फ्रिज दगावले.

विडी कामगार बायकांचा एक गट दुपारच्या प्रयोगाला आला होता. त्यांचं म्हणणं असं की कॅथरीन सारखी ये-जा करते, तिला बसून बोलायला प्रवेश का नाही. मागणी रास्त आहे, नाटककार त्यावर काम करतोय. सरला ठकराल यांच्या प्रवेशाला मात्र त्या शिट्ट्या वाजवत होत्या. विमानात चढण्याआधी सरला पदर कमरेला खोचते, चार वर्षांच्या लेकीला सासऱ्यांच्या कडेवर देते आणि पायरीवर पाय ठेवते. तेवढ्यात एक आजी उभ्या राहून म्हणाल्या, "जा गं बाई, पोरगी बघतो आम्ही." कलाकार मुलीला पुढचं वाक्य सुचेना, आणि सगळ्या नाट्यगृहाला ते चाललं.

मराठी कमी येत असेल तर कळेल का?

कळेल. शहराच्या पूर्व भागातून तेलुगू बोलणारी कुटुंबं आणि अक्कलकोटकडून कन्नड बोलणारे प्रेक्षक नेहमी येतात. सूत्रधार मिस्त्री गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो, त्यामुळे तेलुगू आणि कन्नड वाक्यं जागोजागी आहेत. मराठी प्रेक्षकांना तीही कळतात, सोलापुरात कुणाच्या कानावर ती पडलेली नसतात!

लहान मुलांना आणावं का? मृत्यू दाखवलेत म्हणे.

सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना जरूर आणा. लिलिएंथालचं पडणं सावलीत दाखवलंय, रक्त नाही. त्याहून लहान मुलं दुसऱ्या अंकातल्या गोळीबाराच्या आवाजाला दचकतात.

लोकांना काय आवडलं नाही?

लांबी, हे पहिलं. मध्यंतर धरून तीन तासांच्या आसपास जातं. बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याकडचे प्रेक्षक शेवटच्या एस.टी.साठी भैरवीच्या आधी उठतात, आणि भैरवी तर नाटकाचा प्राण आहे. त्यासाठी मध्यंतर आखडतं घेतलंय आणि रविवारी दुपारचा प्रयोग वाढवलाय.

दुसरी तक्रार पहिल्या अंकातल्या नावांची. लँगली कोण, द्युमाँ कोण, हे पटकन लागत नाही. लँगलीचा प्रवेश माझ्या मते तरीही हवाच. हा अमेरिकेतला नावाजलेला शास्त्रज्ञ, विमान बांधायला अमेरिकेच्या युद्धखात्यानं त्याला ५०,००० डॉलर दिले, ८ डिसेंबर १९०३ ला त्याचं यंत्र पोटोमॅक नदीत कोसळलं, आणि नऊच दिवसांनी सायकलच्या दुकानातून आलेले दोघं उडाले. हे शेजारीशेजारी पाहिल्याशिवाय राईटांचं काम समजत नाही. नावं लक्षात राहावीत म्हणून आता तिकिटासोबत एक पानी माहितीपत्रक देतात.

तिसरी तक्रार आंरी पेकेचा प्रवेश फारच धावता आहे ही. मला ती पूर्ण पटते. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे ६,५०० पत्रं विमानानं गेली, जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल ते, आणि नाटकात त्याच्या वाट्याला एक कडवं आहे. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका प्रेक्षकानं यावर वहीत दोन पानं भरून लिहिलंय. ती दोन पानं नाटककाराच्या टेबलावर आहेत.

मोबाइलवर चित्रण केलं तर?

करू नका. उड्डाणाच्या प्रवेशात सगळीकडे अंधार असतो आणि एका पडद्याच्या उजेडानंही पंखाची सावली पुसली जाते. पडदा पडल्यावर कलाकार विमानाशेजारी उभे राहतात, तेव्हा हवे तेवढे फोटो काढा.

मुलं घरी येऊन विचारतात विमान वळतं कसं. काय सांगायचं?

सांगण्यापेक्षा करून दाखवा. १८९९ मध्ये विल्बर दुकानात सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात घेऊन बोलत होता आणि बोलताबोलता त्यानं तो पिळला. त्या पिळातून पंख वाकवून तोल सांभाळायची युक्ती त्याला सुचली. नाटकात हा प्रवेश झरकन जातो, म्हणून मुलांच्या हातून सुटतो.

टूथपेस्टचा लांबट खोका घ्या आणि दोन्ही टोकांची झाकणं कापून टाका. खोका आडवा धरा. वरची बाजू म्हणजे विमानाचा वरचा पंख, खालची बाजू म्हणजे खालचा. डाव्या टोकाला वरचा पुढचा कोपरा आणि खालचा मागचा कोपरा चिमटीत दाबा. उजव्या टोकाला बरोबर उलटे कोपरे, वरचा मागचा आणि खालचा पुढचा. दोन्ही पंखांना एकदमच पीळ पडतो, एका टोकाची पुढची कड वर जाते आणि दुसऱ्या टोकाची खाली. ज्या बाजूची पुढची कड वर, ती बाजू हवेत जास्त उचलली जाते आणि विमान दुसऱ्या बाजूला कलतं. औषधाचा आखूड खोका घेऊ नका, त्याला पीळ बसत नाही.